खिरीच्या डब्यावरची पट्टी

रजनी, काल प्राजक्ताने आणि मी मिळून तुझा फ्रीज रिकामा केला. तुझी लेक उद्या पुण्याला परत जातेय, फ्लॅट बंद राहणार, म्हणून. आम्हा दोघींना रडायला येईल असं मला वाटलं होतं, पण आधी हसायलाच आलं. प्रत्येक डब्यावर तुझी ती पांढरी कागदी चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि वेळ. कोथिंबिरीच्या डब्यावरसुद्धा! बाई गं, कोथिंबीर सडली की डोळ्यांना दिसते, तिला कशाला जन्मदाखला?

मग खालच्या कप्प्यात, अगदी मागे, तो स्टीलचा छोटा डबा सापडला. पट्टीवर तुझं ते शाळेतल्या फळ्यावर असतं तसं गोल अक्षर. बुद्ध पौर्णिमेची तारीख आणि खाली, ‘माधवीसाठी. सकाळी ९.४०. चांगली आहे.’

प्राजक्ताने डबा माझ्या हातात दिला. मी तो समोरच्या दारातून माझ्या घरी आणला आणि माझ्या फ्रीजमध्ये ठेवला. पौर्णिमेला मी नाशिकला भावाकडे होते. तू फोनवर म्हणाली होतीस, “तुझा वाटा ठेवलाय. परवापर्यंत ये. त्याच्यापुढे मी देणार नाही, तूच म्हणशील खराब झाली.” मी सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आले, पण दुपारी. तू सकाळीच गेली होतीस. हृदयाने कुणाला विचारलं नाही.

आता खीर बारा दिवसांची झालीय. तुझ्या हातचं शेवटचं. सकाळपासून दोनदा फ्रीज उघडून बंद केलाय. खायची की टाकायची, एवढाच प्रश्न आहे आणि तो तुला विचारायची सोय नाही. असतीस तर विचारायची हिंमतही झाली नसती म्हणा.

परवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल बोलले. चांगलंच बोलले. मलाही माइक दिला होता, मी नको म्हटलं. माझी पोळीभाजी केंद्रातली बडबड ऐकलेल्यांना आश्चर्य वाटलं असेल. पण मला जे बोलायचंय ते माइकवर बोलण्यासारखं नाही. ते नऊ वर्षं माझ्याकडे पडून आहे, म्हणून लिहितेय.

तू समोर राहायला आलीस तेव्हा मी तुला पहिल्यांदा विचारलं होतं, “कुठे होतात नोकरीला?” तू म्हणालीस, “स्वयंपाकीण होते. जंतूंची.” मला वाटलं, बाई जरा सटकलेली आहे. मग कळलं की एका सरकारी प्रयोगशाळेत तू तीस वर्षं जंतूंसाठी खाद्य शिजवत होतीस. समुद्राच्या शेवाळापासून केलेली पूड, मांसाचा अर्क, मीठ, सगळं मोजून उकळायचं, प्लेटमध्ये ओतायचं आणि खरवसासारखं थिजू द्यायचं. त्यावर डॉक्टर पेशंटचे नमुने लावणार, जंतू वाढणार, मग रोग कळणार. “तू माणसांना जेवू घालतेस, मी जंतूंना,” तू म्हणायचीस. “फरक एवढाच की माझी गिऱ्हाइकं कधी मीठ कमी आहे म्हणून बोंबलली नाहीत.”

पण ही ओळख नंतरची. त्याच्या आधी ती पहिली बुद्ध पौर्णिमा आली.

तुला येऊन दीड महिना झाला होता. दारावरची पाटी मी वाचली होती. दार उघडलं की समोरच भिंतीवर निळ्या कोटातला फोटो दिसायचा, तोही पाहिला होता. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. जिन्यात हसून बोलायचे, लिफ्ट धरून ठेवायचे. त्या दिवशी सकाळी तू खीर घेऊन आलीस. डबा इतका गरम होता की तू तो टॉवेलात धरला होतास. मी तोंडभरून कौतुक केलं, दार लावलं आणि ती खीर सिंकमध्ये ओतली.

बघ, लिहून झालं.

का ओतली, याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं. माझ्या सासूबाई सोवळ्याच्या. बाहेरून आलेलं शिजवलेलं अन्न घरात शिरायचं नाही. त्यातही कुणाकडचं मुळीच नाही, हे त्या बोलून दाखवत नसत, आम्हाला आपोआप कळायचं. त्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. म्हणजे हात माझाच होता, सासूबाईंवर किती दिवस ढकलणार?

दुसऱ्या दिवशी तू रिकामा डबा न्यायला आलीस आणि विचारलंस, “कशी झाली होती?” मला सरळ ‘छान’ म्हणता आलं असतं. खोटंच बोलायचं तर ते तरी गोड बोलावं. पण मी घाबरले आणि म्हणाले, “अगं, नासली होती बहुतेक. या दिवसांत दूध टिकत नाही ना. आंबूस वास येत होता.”

तुझा चेहरा मला अजून आठवतो. तू रागावली नाहीस. प्रयोगशाळेत विचारावं तसं विचारलंस, “डबा काल सकाळीच उघडलास? लगेच? वास उघडल्याबरोबर आला?” मी सगळ्याला हो हो म्हणत गेले. तू डबा घेऊन गेलीस. मला वाटलं, सुटले.

त्याच वर्षी थंडीत महिला मंडळाच्या कार्यक्रमात तू तुझ्या प्लेटा घेऊन आलीस. तुझ्या जुन्या मॅडमच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या होत्या. सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस जणी. तुझं हिंदी कोकणातून निघून दादरमार्गे आलेलं, पण हॉल गाजवलास. “किसका हाथ सबसे साफ है? आओ, पाँच उंगली लगाओ.” तळमजल्यावरच्या हंसाबेन भाजी निवडून तशाच आल्या होत्या, त्यांना तू मुद्दाम हात धुवू दिले नाहीस. आणि साफ हाताची म्हणून पुढे झाले मी. आंघोळ, पूजा, शंभर पोळ्या आणि साबणाने धुतलेले हात. खांद्यावरच्या फडक्याला पुसले आणि ऐटीत पाची बोटं टेकवली.

दोन दिवसांनी तू त्या प्लेटा पट्ट्या लावून बंद केलेल्या आणल्यास. “उघडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या,” म्हणालीस. माझ्या प्लेटवर पाची बोटं अशी उमटली होती की पोलिसांनी ओळखावीत. पिवळट पांढरे ठिपके, दाटीवाटीने. हंसाबेनच्या प्लेटवर त्याच्या निम्मेही नव्हते. “देखो, ये हाथ साबुन से धोया हुआ है,” तू माझी प्लेट वर धरून म्हणालीस. “लेकिन उसके बाद फडके से पोंछा. वही फडका ओटे पे, वही तवे पे, वही बच्चे के मुँह पे.”

हंसाबेन खूश. “माधवीबेन, हमारा तो क्लीन निकला!” आणि मागून कुणीतरी विचारलं, “मग तुमच्या पोळ्यांचं काय, माधवीताई?”

मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. धंद्याची बदनामी केलीस, असं मी घरात म्हणत होते. ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं. त्या हॉलमध्ये तू माझ्या हाताला अस्वच्छ म्हणालीस तेव्हा माझ्या मनात पहिलं वाक्य उमटलं, ‘आता ही मला शिकवणार?’ ते वाक्य मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण आलं होतं आणि कुठून आलं होतं हेही मला पक्कं ठाऊक आहे.

तुझ्या आईची गोष्ट तू मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलीस. गावातल्या विहिरीवर तिने ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, कळशीला तिचा हात लागू नये म्हणून. तू ते समुद्रकाठच्या पाली गावाहून परत येताना रिक्षात सांगितलंस, बाहेर बघत, भाजीचा भाव सांगावा तसं. “म्हणून मला ते प्लेटचं काम आवडायचं,” तू म्हणालीस. “जंतू आडनाव बघत नाही. साहेबाच्या बोटावर तेवढेच, झाडूवालीच्या बोटावर तेवढेच. कधी कधी साहेबाच्या जास्त.” मी हसले. मग खीर आठवली आणि हसू तिथेच थांबलं.

तर आपला महिन्याचा अबोला मोडला तो भातामुळे. आदल्या रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी खमंग फोडणी द्यायची, हे माझ्या आईचं, तिच्या आईचं, सगळ्यांचं. डब्यांसाठी मी तोच लिंबूभात करायचे. एका दुपारी माझा डबा खाणारे दोघे, एकाच ऑफिसातले, जेवल्यावर दोन तासांत उलट्या करायला लागले. संध्याकाळपर्यंत सावरले. पण आपल्या मीरा रोडला कुणाच्या डब्याबद्दल असं पसरलं की दुकानाचं शटरच ओढायचं. मी तुझं दार वाजवलं.

“मी तर चांगला वाफ येईपर्यंत गरम केला होता गं,” मी म्हणाले. “सगळं मरतं ना उकळल्यावर?”

आज सांगते, ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य तू त्या दिवशी गिळलंस, त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे. तू नुसतं विचारलंस, “भाडेकरू बघितलेयस ना? घर सोडून गेला तरी भिंतीला केलेली घाण जाते का? भातातला जंतू तसाच. तुझ्या फोडणीने तो मरेल. पण रात्रभर त्याने भातात जे विष करून ठेवलं, ते उकळलं तरी जात नाही.”

“मग मला वास कसा नाही आला?”

“नाकावर जाऊ नकोस. आंबवणारे, नासवणारे जंतू वास देतात, ते बिचारे सांगून येतात. आजारी पाडणारे बरेचसे काही बोलत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस, ॲप्रन घालून, जणू तुझीच प्रयोगशाळा. भात उरला तर परातीत पातळ पसरून निववायचा आणि तासाभरात फ्रीजमध्ये. फडकी रोज उकळायची, हात पुसायला वेगळा नॅपकीन. बोट कापलं की पट्टी आणि वर हातमोजा. कच्ची भाजी चिरायचा पाट वेगळा. आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर गॅसवरून उतरवल्याची वेळ. मी कुरकुरले, “गिऱ्हाइकं हसतील.” आता बघ, गिऱ्हाइकं डबा उघडण्याआधी वेळ वाचतात. मागे एकदा मार्कर संपला म्हणून पट्टी लावली नाही, तर चौघांचे फोन आले.

फोडणीच्या भातावरून मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. “आमच्या आज्या खायच्या, मेल्या का?” मी म्हणायचे. “मेल्याच की,” तू म्हणायचीस, “कशाने, ते कुणी तपासलं?” फ्रीजमधल्या भाताला ती चव नाही, हे माझं मत अजून तेच आहे. मी तुझं ऐकते, पण मत बदललेलं नाही, हे तुला कळावं.

मग आपण किती फिरलो. बालवाड्या, बचत गट, देवळातले महाप्रसादवाले, तारोडीसारखी आसपासची गावं. पालीला तू कोळणींना बर्फाचं महत्त्व सांगायला निघालीस, तेव्हा मीच म्हटलं होतं, अंगाशी येणार. आलंच. एक म्हातारी टोपलीवरून हात न काढता म्हणाली, “बाय, आमचं म्हावरं बरफात हाय. इथं काय खराब न्हाय. तुमच्या बिल्डिंगवाल्या पिशवीत घालून दोन तास उन्हात फिरवतात, त्यांना जाऊन सांग.” तू खो खो हसलीस आणि तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलंस. त्यानंतर प्रत्येक सोसायटीत तू ते वाक्य तिच्या हेलासकट म्हणून दाखवायचीस. दुसऱ्याचं शहाणपण त्याच्या नावावर सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता जे राहिलंय ते.

पहिल्या खिरीनंतरच्या वर्षी, पौर्णिमेला, तू पुन्हा डबा आणलास. त्यावर पट्टी होती. ‘माधवीसाठी’, वेळ, आणि पुढे दोन शब्द, ‘चांगली आहे’. तोपर्यंत भाताचं प्रकरण होऊन गेलं होतं. मी ती खीर तुझ्यासमोर, दारातच, चमचा आणून खाल्ली. वेलची, जायफळ आणि तळाला लागू न देता आटवलेलं दूध. तू बघत होतीस. मी म्हटलं, “मस्त झालीय.” तू म्हणालीस, “हं.” नंतर दर वर्षी डबा यायचा आणि दर वर्षी ते दोन शब्द असायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच डब्यांवर लिहीत असशील.

तीन-चार वर्षांपूर्वी मी दुधाच्या पदार्थांचं तू शिकवलेलं एका बचत गटाला समजावत होते. गरम पदार्थ वाटेल तेवढा वेळ बाहेर ठेवायचा नाही, पण उकळती खीर काही अर्ध्या तासात नासत नाही, हे मी माझ्या तोंडाने म्हणाले. म्हणाले आणि तो पहिला डबा आठवला. टॉवेलात धरावा लागावा इतका गरम डबा. उघडल्याबरोबर आंबूस वास. जिने तीस वर्षं जंतूंना जेवू घातलं, तिला मी हे सांगितलं होतं. तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं, रजनी. ते प्रश्न तू खिरीचं काय झालं हे शोधायला विचारले नव्हतेस. मला खरं बोलायची संधी देत होतीस आणि मी तीन वेळा हो म्हणाले.

त्या दिवसानंतर मी हंसाबेनकडे गेलेला तुझा डबा पाहिला. वेळ होती, ‘चांगली आहे’ नव्हतं. बाकी कुणाच्याच डब्यावर नव्हतं.

तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं होतं. दहादा दारापर्यंत आले. दर वेळी तू काहीतरी हसण्यासारखं बोलायचीस आणि मी विषय तुझ्या हवाली करायचे. पुढच्या पौर्णिमेला सांगू, असं ठरवत होते. या पौर्णिमेला नक्की. आणि मी नाशिकला गेले.

आता थोड्या वेळापूर्वी मी डबा बाहेर काढला आणि उघडला. वास आला तो वेलचीचा. जायफळाचा. आंबूस काही नाही, खरंच नाही. वरची साय जरा सुरकुतलेली, एवढंच. चमचा मी हातात घेतला होता, खोटं बोलत नाही. आपल्या माणसाच्या हातचं शेवटचं, एक चमचा, काय होणार आहे? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईने आजपर्यंत मला हेच विचारलंय, ‘एवढ्याने काय होणार आहे?’ आणि मी प्रत्येकीला तुझं उत्तर दिलंय. नाकावर जाऊ नका, पट्टीवर जा.

म्हणून पट्टीवर गेले. बारा दिवस. मी चमचा ठेवला आणि खीर ओतली, त्याच सिंकमध्ये. पहिल्या वेळी मला दोन सेकंद लागले होते. आज ओट्याला धरून उभी राहिले आणि मोठ्याने रडले, मग डबा उकळत्या पाण्याने धुतला, तू धुवायचीस तसा, आधी झाकणाची कड.

पट्टी ओली व्हायच्या आधी काढून घेतली होती. ती आता ओट्याच्या वरच्या टाइलवर लावलीय, मार्कर अडकवतो तिथे. येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तुझा कार्यक्रम आहे, तुझ्या मॅडमनी प्लेटा पाठवते म्हणून सांगितलंय. बोलणार मी. हॉलमध्ये माइक घे म्हणायचीस, तेव्हा ‘मी काय बोलणार’ म्हणून तुला इतकी वर्षं टाळलं, पण मला सगळं येतं, आणि मी चांगलं बोलते, हेही मला माहीत आहे. पहिली प्लेट माझ्या बोटांची असेल. आणि या वेळी सुरुवात मी फडक्यापासून करणार नाही, एका सकाळी मी ओतून दिलेल्या डब्यापासून करणार आहे. हंसाबेन समोर बसल्या असल्या तरी.

उद्या प्राजक्ता निघायच्या आधी मी खीर करून देणार आहे. तिलाही हे सगळं सांगेन, डबा हातात देताना. झाकणावर तिचं नाव आणि वेळ लिहीन. तुझे ते दोन शब्द मात्र लिहिणार नाही. ते तुझे होते आणि त्यांचं उत्तर द्यायचं माझ्याकडे राहिलंय.

चांगली होती, रजनी. पहिल्या वर्षीचीसुद्धा चांगली होती.